साफ रिपोर्ट

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि त्याच सुमारास हेमालीच्या ओटीपोटात दुखायला लागलं. आधी तिनं ते अंगावर काढलं. आचोळ्याच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. फळ्याकडे तोंड करून उभी असताना कळ आली की खडू तसाच धरून ती कळ ओसरायची वाट बघायची, आणि मग अर्धवट राहिलेलं उदाहरण पुरं करायची. पुढे ताप भरला. एक दिवस स्टाफरूमच्या बाकावर ती आडवीच झाली, तेव्हा मुख्याध्यापिकेनं घरी फोन केला.

नवरा, केयूर, गावात नव्हता. वालीवच्या एका कारखान्यात तो सर्व्हिस इंजिनीअर होता. पॅकिंगची मशीनं बसवायला आणि दुरुस्त करायला त्याला सारखं वापी, दमण, सिल्वासाला जावं लागे. त्यामुळे सासरे, हिरामण राऊत, उमराळ्याच्या घरून रिक्षा घेऊन आले आणि त्यांनीच तिला वसईत डॉक्टर क्लेमेंटीन डाबरे यांच्या नर्सिंग होममध्ये नेलं. वाटेत खड्डा आला की ते रिक्षावाल्याला हळू घ्यायला सांगत होते.

पोटात सूज होती, गर्भाशयाच्या बाजूच्या नळ्यांपर्यंत पोचलेली. सलाइन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी आतल्या स्रावाचा नमुना मुंबईला तपासायला पाठवला. त्याचा निकाल आला तेव्हा हेमालीला उतार पडला होता. डॉक्टर क्लेमेंटीन खोलीत आल्या, नर्सला बाहेर पाठवलं, दार लोटून घेतलं आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी क्लॅमिडिया हा शब्द उच्चारला तेव्हा हेमालीनं तो दोनदा विचारून घेतला. तिनं तो आधी कधी ऐकलाच नव्हता.

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. हा जंतू शरीरसंबंधातून लागतो. संडासातून लागत नाही, टॉवेलातून लागत नाही. औषधानं तो पूर्ण जातो. पण बऱ्याच जणांना, पुरुषांना तर विशेष, काही त्रासच होत नाही आणि महिनोन्‌महिने तो अंगात तसाच राहतो. म्हणून केयूरलाही गोळ्या घ्याव्या लागतील, त्याचीही तपासणी व्हायला हवी. नाहीतर हेमाली बरी होईल आणि तिला परत लागण होईल. उजव्या बाजूच्या नळीला किती इजा झाली आहे ते पुढे कधीतरी बघावं लागेल, आज त्याचा विचार नको.

हेमालीनं मान हलवली. ती मूल होण्याची वाट बघत होती. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती, आणि सासूबाई प्रत्येक सणाला कुणा ना कुणाच्या नातवाचा विषय काढायच्या. त्या क्षणी मात्र तिच्या मनात मुलाचा विचार नव्हता. केयूर वगळता तिच्या आयुष्यात कुणी पुरुष आलेला नव्हता. मग हे कुठून आलं ते उघड होतं, आणि ते उघड असूनही तिला ते मनात धडपणे उच्चारता येईना.

केयूर संध्याकाळी आला. डॉक्टरांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सगळं समजावलं आणि गोळ्या लिहून दिल्या. तो बाहेर आला तो खिशात कागद कोंबतच. स्टुलावर बसला.

"मला तर काहीच होत नाही," तो म्हणाला. "उगाच कशाला गोळ्या खाऊ? आधी टेस्ट करतो, मग बघू."

हेमालीला भांडायचं त्राण नव्हतं. टेस्ट करतो म्हणतोय हेच पुष्कळ, असं तिला वाटलं.

ती घरी यायच्या आधीच बातमी घरी पोचली होती. नणंद रुचिता तिला भेटायला म्हणून विरारहून आली होती, तेव्हा उशाशी ठेवलेली फाइल तिनं चाळली होती. तो शब्द तिनं मोबाइलवर शोधला आणि आईला सांगितलं. काय सांगितलं असेल ते हेमालीला घरात पाऊल टाकताच कळलं. नर्मदाबाई तिला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान उत्तर देता आलं असतं. त्यांनी तिचा टॉवेल वेगळ्या दोरीवर टाकला. तिचा पाण्याचा पेला मांडणीच्या खालच्या फळीवर गेला. ती मोरीतून बाहेर आली की पाठोपाठ फिनेलची बाटली घेऊन त्या आत जायच्या. देवाची फुलं रोज तीच वाडीतून खुडून आणायची. आता ती उठायच्या आत परडी भरलेली असायची.

हे असं लागत नाही, असं हेमालीनं एकदा सांगून पाहिलं. नर्मदाबाईंनी ऐकून घेतलं आणि फिनेलची बाटली जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी परत उचलली.

मग केयूरचा रिपोर्ट आला. स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये त्यानं लघवी तपासून घेतली होती. तो पाकीट घेऊन घरात आला, तेव्हा हेमाली ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. त्यानं पाकीट तिच्याकडे दिलं नाही, आईच्या हातात दिलं. नर्मदाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी रुचिताला फोन लावला, रुचितानं कागदाचा फोटो मागवून वाचून दाखवला. लघवी अगदी नॉर्मल. कल्चरमध्ये कुठलाही जंतू वाढलेला नाही. नर्मदाबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि तो कागद भिंतीतल्या कपाटात, रेशनकार्डाच्या बाजूला ठेवला.

"आमचा पोऱ्या साफ हाय," त्या हिरामणना म्हणाल्या. हेमाली तिथेच होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्या दिवसापासून घरात तो प्रश्न मिटला. केयूरला काही नाही, म्हणजे जे काही आहे ते हेमालीचं. त्याचा पुढचा अर्थ कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण तो घरभर भरून होता. शाळेतून यायला उशीर झाला तर नर्मदाबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. सहशिक्षकाचा फोन आला तर टीव्हीचा आवाज कमी व्हायचा.

हेमालीनं त्या रिपोर्टचा फोटो डॉक्टर क्लेमेंटीनना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून तो पाहिला.

"रिपोर्ट खरा आहे," त्या म्हणाल्या, "पण आपण विचारलं त्या प्रश्नाचा नाही."

मग त्यांनी सगळं समजावलं. कल्चर म्हणजे बशीत खाद्य घालून त्यावर जंतू वाढवायचे. नेहमीचे जंतू तसे वाढतात. हा वाढत नाही, हा माणसाच्या पेशीच्या आत शिरून राहतो. म्हणून त्याचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट करावी लागते, जशी हेमालीची केली. पुरुषाच्या बाबतीत त्याला लघवी पुरते, पण ती कशीही घेऊन चालत नाही. आधी तास-दोन तास लघवीला गेलेलं नसावं आणि पहिली धार घ्यावी, कारण मूत्रमार्गात चिकटलेलं जे असतं ते पहिल्या धारेबरोबर बाहेर येतं. मधली धार घेतली तर ते आधीच वाहून गेलेलं असतं. केयूरनं मधली धार दिली असणार, कल्चरसाठी सगळे तेच सांगतात.

हेमालीनं हे घरी येऊन जसंच्या तसं केयूरला सांगितलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. एकदा टेस्ट केली ना, असं म्हणाला. पण डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, ती त्यानं घेतली. काही दिवस ती बाइकच्या डिकीत पडून राहिली. हेमालीनं आठवण केली की वालीवला मशीन अडलंय, डिस्पॅच अडकलाय, असं काही ना काही निघायचं. शेवटी एकदाचा तो गेला आणि बाही वर केलेला हात दाखवत परत आला. कोपराच्या खोबणीत कापूस चिकटवलेला होता.

"रक्त का काढलं?" हेमालीनं विचारलं.

"काउंटरवाली म्हणाली, क्लॅमिडियाची हीच असते. कंप्युटरमध्ये हीच होती."

ती अँटिबॉडीची टेस्ट होती. तिचाही निकाल निगेटिव्ह आला आणि तोही कपाटात रेशनकार्डाशेजारी जाऊन बसला. डॉक्टर क्लेमेंटीननी कागद बघून सुस्कारा टाकला. आज अंगात जंतू आहे की नाही ते या टेस्टवरून ठरत नाही, चिठ्ठीवर मी स्पष्ट लिहून दिलं होतं, असं त्या म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, पण त्यांच्या चिडण्याचा हेमालीला काही उपयोग नव्हता. घरी जाऊन तिला पुन्हा हेच सांगायचं होतं की अजून एकदा करावी लागेल.

तिनं सांगितलं तेव्हा नर्मदाबाई पहिल्यांदा उघड बोलल्या. पोऱ्याला किती टोचून घेशील, दोनदा साफ आलं, आता तिसऱ्यांदा काय काढायचंय तुला त्याच्यात. हेमालीनं समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. बशी, खाद्य, पेशी, पहिली धार, हे सगळं सासूसमोर कुठून सुरू करायचं ते तिला कळेना. वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलालाही तिनं अपूर्णांक समजावले होते. इथे तिची जीभच रेटेना. हिरामण वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

केयूर मधूनच तिच्याकडे बघायचा. काहीतरी बोलेल असं वाटायचं, ओठ हलायचेही. मग तो उठून चार्जर शोधायला लागायचा. बिचारा दोघींच्या मध्ये सापडलाय, असं हेमालीला वाटायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा की आपण याची कीव का करतोय.

तिसऱ्या वेळी ती स्वतः त्याच्याबरोबर गेली. यावेळी वसईतलं दुसरं केंद्र निवडलं होतं, नमुने इथे घ्यायचे आणि मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवायचे. सकाळची वेळ, बाकं भरलेली, उपाशीपोटी आलेले म्हातारे, कडेवर मूल घेतलेली एक बाई. काउंटरवरच्या माणसानं केयूरच्या हातात डबी ठेवली आणि सवयीनं म्हणाला, पहिली सोडून द्यायची, मधली घ्यायची.

केयूर डबी घेऊन निघाला. एकदाही वळला नाही. हेमालीच्या डोक्यात तिडीक गेली.

"मधली नाही," ती म्हणाली. "पहिली धार पाहिजे."

तो माणूस म्हणाला, मॅडम, मधलीच घेतात. तिनं चिठ्ठी पुढे केली आणि पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं, कारण मागे पंखा घरघरत होता. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली. दोन बायका एकमेकींकडे बघून हसू दाबू लागल्या. पहिल्या धारेची म्हटलं की लोकांना दारूच आठवली असणार. केयूर संडासाच्या दाराशी उभा होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. काउंटरवरच्या माणसानं आत जाऊन विचारलं, परत येऊन डबी बदलून दिली आणि सोबत एक छोटी नळीही दिली. हेमाली खुर्चीवर जाऊन बसली. आपण बरोबर तेच सांगितलं, तरी चोरी करताना सापडल्यासारखं का वाटतंय, हे तिला समजेना.

बाहेर आल्यावर केयूर बाइक चालू करताना म्हणाला, "झाली शोभा? आता तरी समाधान झालं?"

समाधान व्हायचं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी केंद्रातून फोन आला. नळीवर दोन रेघा असतात, त्यांच्या मध्येच भरायची असते. ती वरपर्यंत भरली होती, मुंबईनं नमुना परत केला. पुन्हा द्यावा लागेल.

हेमाली त्या वेळी शाळेत होती. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे उभी राहून तिनं मुंबईच्या लॅबला फोन लावला. या विभागातून त्या विभागात फोन फिरत शेवटी एका बाईनं तिला नीट माहिती दिली. किती घ्यायची, किती वेळ आधी थांबायचं, नळीत कुठपर्यंत ओतायची. हेमाली 'हो, हो' करत तळहातावर पेनानं लिहून घेत होती. पलीकडे पोरं पकडापकडी खेळत होती. आपल्या नवऱ्याच्या लघवीसाठी आपण टाकीमागे लपून फोन करतोय, आणि तो बहुतेक कँटीनमध्ये चहा पीत बसला असेल, हे डोक्यात आलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. घंटा झाली. तळहात तसाच मिटून ती वर्गात गेली.

चौथ्यांदा सगळं नीट झालं. संक्रांत होऊन गेली होती. निकाल तिच्या मोबाइलवर आला तो पेपर तपासत असताना. तिनं तो उघडला, इंग्रजीतली ती ओळ वाचली, परत वाचली. आढळला नाही.

टेस्ट हवी तीच होती, धार हवी तीच होती, नळीही रेघांच्या मध्येच भरली होती. या एकाच टेस्टवर तिनं सगळा भरवसा टाकला होता, तिच्यासाठी घरात वाईटपणा घेतला होता, आणि ती म्हणत होती की केयूर साफ आहे. मग आपण? तिनं स्वतःचं सगळं आयुष्य उलटंपालटं करून पाहिलं. काही नव्हतंच, तरी पाहिलं. हॉस्पिटलची सुई असेल का. शाळेचं बाथरूम असेल का. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, पण डॉक्टर तरी सगळं कुठे बघायला येतात. आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीवरचा आपलाच विश्वास एका कागदानं असा खिळखिळा होतो हे तिनं पहिल्यांदाच अनुभवलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. टॉवेल वेगळा झाला त्याहून वाईट.

त्या संध्याकाळी दोघं डॉक्टर क्लेमेंटीनकडे गेली. त्यांनी रिपोर्ट वाचला, पुन्हा वरपासून वाचला, आणि केयूरकडे वळल्या. मधल्या काळात कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का, त्यांनी विचारलं. केयूर बाइकची किल्ली बोटात फिरवत होता. नाही म्हणाला.

"विचारायचं कारण एवढंच," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "की औषध आधी पोटात गेलेलं असलं, तर महिन्याभरानं ही टेस्ट साफच येणार. त्यात टेस्टची चूक नसते."

केयूरनं पुन्हा नकारार्थी मान हलवली, पण किल्ली फिरायची थांबली होती. डॉक्टरांनी आणखी काही विचारलं नाही. हेमाली त्या थांबलेल्या किल्लीकडे बघत राहिली.

बाहेर रस्त्याच्या कडेला बाइक लावली होती. केयूरनं हेल्मेट उचललं आणि घातलं नाही.

"मी गोळ्या घेतल्या होत्या," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"डॉक्टरांनी पहिल्या दिवशी लिहून दिल्या त्याच. तू ॲडमिट होतीस तेव्हाच सुरू केल्या. विरारच्या मेडिकलमधून आणल्या, इथे ओळखीचे असतात."

हेमालीला आधी ते कळलंच नाही. मग एकेक गोष्ट सरकत जागेवर बसली. पहिला रिपोर्ट, दुसरा, परत आलेली नळी. पहिल्या टेस्टला तो गोळ्या खातच होता. पुढच्या सगळ्या वेळा त्याला ठाऊक होतं की त्या नमुन्यात काही सापडणार नाही.

"मग मला त्या काउंटरवर कशाला बोलू दिलंस?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता, चढवायची ताकदच नव्हती. "मुंबईला फोन कशाला करू दिलास? मी टाकीमागे उभी राहून हातावर लिहून घेत होते, केयूर."

पहिला रिपोर्ट आईच्या हातात गेला आणि तिचा चेहरा असा फुलला, की मग मागे फिरायला वाटच राहिली नाही, असं काहीसं तो बोलला. रोज वाटायचं सांगावं. मागच्या उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली होती, थोडे दिवस, मग आपोआप थांबली. उष्णता असेल समजून तो सब्जा घालून पाणी पीत राहिला होता.

"आलं कुठून?"

"लग्नाआधी. दमणला मित्रांबरोबर गेलो होतो. एकदाच."

हेमाली त्याला तिथेच सोडून परत आत गेली. डॉक्टर पुढच्या पेशंटला बोलावत होत्या. दारातच उभं राहून तिनं विचारलं, कधी लागण झाली ते कुठल्या टेस्टनं कळतं का. डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेशंटला एक मिनिट थांबायला सांगितलं.

"नाही कळत," त्या म्हणाल्या. "रिपोर्टवर तारीख असते ती तपासणीची. जंतू अंगात कधी आला ते तो सांगत नाही. अगदी बरोबर टेस्ट केली तरी नाही."

दोघं घरी पोचली. ओटीवर नर्मदाबाई तगरीच्या कळ्या निवडत बसल्या होत्या, दुसऱ्या दिवशी फुलवाल्याकडे जाणाऱ्या. हिरामण बाजूला केळीच्या पानांवर पाणी शिंपडत होते. हेमाली चपला काढायलाही थांबली नाही. आई, ह्यांना लागण होती, ती म्हणाली. ह्यांनी दिवाळीनंतरच गोळ्या घेतल्या, आपल्यापासून लपवून. म्हणून रिपोर्ट साफ येतात. मला ह्यांच्याकडून लागलं.

नर्मदाबाईंचे हात थांबले. त्यांनी आधी हेमालीकडे पाहिलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या मुलाकडे.

"असा कसा?" त्या म्हणाल्या. "रिपोर्ट साफ हाय ना त्याचा?"

हेमालीला वाटलं आता आपण किंचाळू. इतके दिवस ती त्या कागदांशीच भांडत होती, आणि आता माणूस समोर उभा असताना पुन्हा तोच कागद मध्ये आला होता. ती केयूरकडे वळली आणि बाजूला झाली, म्हणजे आईला तो पुरता दिसावा.

"आई, ती सांगते ता खरा हाय," केयूर म्हणाला.

नर्मदाबाई कळ्यांत हात घालत म्हणाल्या, "तिना सांगितला असेल तुला असा बोलाया." आणि कळ्या निवडू लागल्या. हेमालीनं हिरामणकडे पाहिलं. याच माणसानं आपल्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं, हा तरी काही बोलेल असं तिला वाटलं. हिरामणनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, मुलाकडे एकदा पाहिलं आणि वाडीत निघून गेले.

पुढच्या आठवड्यात फिनेलची बाटली मोरीतल्या कोपऱ्यात गेली. टॉवेल पहिल्या दोरीवर आला. कुणी काही बोललं नाही, माफी तर दूरच. रुचिताचा मेसेज आला, 'सॉरी वहिनी,' पुढे हात जोडल्याचं चित्र. हेमालीनं तो वाचला आणि उत्तर दिलं नाही. कपाटातले रिपोर्ट कुणीतरी काढून टाकले होते. रात्री ती आतल्या खोलीत नर्मदाबाईंच्या जुन्या शिवणयंत्राशेजारी अंथरूण घालून झोपायची. केयूरनं दोन-तीनदा दारापर्यंत येऊन पाहिलं.

एप्रिलमध्ये दोघांची तपासणी पुन्हा झाली, बरं झाल्यावर एकदा करायची असते ती. दोघांचीही साफ आली. आता हवं तर मुलाचा विचार करा, नळीची तपासणी करून घेऊ, असं डॉक्टर क्लेमेंटीन म्हणाल्या. हेमालीनं इतक्यात नको म्हटलं. डॉक्टरांनी आग्रह केला नाही.

परीक्षा संपल्या तशी ती केळव्याला माहेरी गेली. जाताना केयूरला एकच सांगितलं. दमणचं खरं असेल तर खरं, मला ते मान्य करावं लागेल. पण तसं नसेल तर ते मला दुसरं कुणी सांगू शकणार नाही. डॉक्टर नाही, मशीन नाही. त्यानं पुन्हा दमणच सांगितलं. तिला ना ते खरं वाटलं, ना खोटं ठरवता आलं, आणि त्याचाच तिला वीट आला होता.

केयूर दर रविवारी केळव्याला यायचा. आंबे आणायचा, हेमालीच्या वडिलांशी कारखान्याच्या गप्पा मारायचा, जेवायचा आणि जायचा. माहेरी तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. आई तिच्या गप्प बसण्याकडे बघायची आणि विचारायचं टाळायची. मे संपत आला तेव्हाचा एक रविवार होता. वडील वामकुक्षीला आत गेले होते. दोघं पडवीत बसली होती, मध्ये फणसाच्या गऱ्यांची परात होती. केयूरनं एक गरा उचलला, त्यातली आठळी काढली, आणि गरा तसाच परातीत ठेवला.

"दमण नव्हतं," तो म्हणाला. "सिल्वासा. मागच्या वर्षी, मशीन बसवायला गेलो तेव्हा. होळीच्या आसपास."

तो पुढचं सांगू लागला, कोण होतं, कसं झालं. तिनं हात वर करून त्याला थांबवलं. तिला तेवढं नको होतं. लग्न झाल्यावरचं, एवढं कळलं ते पुरे होतं. राग येईल असं तिला वाटलं होतं, आणि तो येणारही होता, उद्या-परवा, कदाचित वर्षभर. आत्ता मात्र छातीवरून एक ओझं उतरल्यासारखं झालं होतं, आणि त्याच जागी दुसरं बसलं होतं. निदान हे कसलं आहे ते तिला ठाऊक होतं.

आतून वडिलांच्या घोरण्याचा आवाज येत होता. केयूर खाली बघत होता. हातांना फणसाचा चीक लागला होता आणि बोटांनी तो चीक खरवडत होता.

"तू आज जा," हेमाली म्हणाली. "माझ्या आईबाबांना मी सांगेन, मला हवं तेव्हा. पुढच्या रविवारी येऊ नकोस. त्याच्या पुढच्याला ये, मग बघू काय बोलायचं ते."

तो उठला. चीक काढायला तेल मागू की नको असा एक क्षण घुटमळला, मग तसाच चिकट हातांनी बाइकची किल्ली घेऊन फाटकाबाहेर गेला. हेमालीनं परात उचलली आणि आत नेली.